खजूर-खारीक आणता, पण बिघडतं कुठे? या चुका टाळा

जून सरत आला की वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटात कच्छची ओली खारीक दिसू लागते. मागोमाग घरोघरी एकच कुरकुर: "मागची गोड होती, हिने जीभ आवळली." बहुतेक जण विकणाऱ्याला बोल लावतात. खरं तर खजुराच्या झाडाचं फळ आपण तीन वेगवेगळ्या अवस्थांत खातो, करकरीत ओली खारीक, मऊ खजूर आणि वाळलेली खारीक, आणि तिन्हींना एकाच मापाने मोजतो. बिघडतं ते तिथे.

कच्छमध्ये फळ झाडावर मऊ व्हायची वाट बघत नाहीत. तोवर पाऊस गाठतो, घड तडकतात, आंबतात. म्हणून करकरीत असतानाच ते उतरवतात आणि त्यात टॅनिन या द्रव्याचा तुरटपणा उरलेला असतो. बरही नावाची जात या अवस्थेतही गोड लागते. पण कच्छात बियांपासून वाढलेली झाडं पुष्कळ, प्रत्येकाची चव निराळी. २०२४ मध्ये कच्छी खारकेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळ कुठलं हे सांगतं. तुमच्या पिशवीतली गोड आहे की नाही, हे नाही. तेव्हा रंगावर भाळून किलोभर घेऊ नका, आधी एक चाखा.

तुरट निघालीच तर साखर ओतून शेक करू नका, गोडाखाली तुरटपणा लपत नाही. धुऊन, कोरडी पुसून, डब्यात भरून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढून तिचा गारठा उतरला की ती तपकिरी, मऊ पडते आणि तुरटपणा बराच उतरतो. हिरवट फळावर हा इलाज चालत नाही, कारण त्यात साखरच भरलेली नसते. पिकेल या आशेने ओट्यावर झाकून ठेवणं तर नकोच. जुलैच्या दमट हवेत ती पिकायच्या आधी आंबते. दारूसारखा वास आला की सरळ टाकून द्या.

मऊ, काळा इराणी खजूर (मजाफती) हा ओलसर असतो, त्याची जागा फ्रीजमध्ये. घट्ट झाकणाचा डबा घ्या, नाहीतर त्याला कांद्या-लसणाचा वास लागतो. होळीला धाणीबरोबर (ज्वारीच्या लाह्यांबरोबर) आणलेल्या खजुराचं उरलेलं पाकीट मात्र हमखास कपाटात राहतं आणि मे महिन्यात आठवतं. तेव्हा त्यावर पांढरं दिसलं तर घाबरून फेकू नका. कोमट पाण्यात विरघळलं तर ती वर आलेली साखर. लव दिसली किंवा कुबट वास आला तर बुरशी. मग अख्खं पाकीट टाका. आणि कुठलाही खजूर उघडून, बी काढून, आत बघूनच खा. किडा आत असतो, वरून पत्ता लागत नाही.

खजुराच्या वड्या दगडासारख्या होतात त्या मोठ्या आचेमुळे. खजूर बारीक चिरून थोड्या तुपावर मंद आचेवर परता, गोळा होताच उतरवा. नंतर "अजून जरा" परतलं की साखर आटते आणि वडी दाताला चिकटते. वरून साखर कशाला घालतात, देव जाणे.

वाळलेल्या खारकेची गोष्ट वेगळी. अख्खी मिक्सरमध्ये टाकाल तर पातं अडकेल. फोडून, बी काढून, तुकडे कढईत मंद आचेवर कोरडे करून पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम दळलेल्या पुडीचे गोळे होतात. पावसाळ्यात लागेल तेवढीच करा.

आता कुंडीत बी पुरणाऱ्यांसाठी. रोप उगवतं, पण खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. रोप नर निघालं तर फळच नाही, मादी निघालं तरी मूळ झाडाची चव मिळेलच असं नाही. म्हणून बागायतदार खात्रीच्या मादी झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं (कोंब) किंवा टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं लावतात आणि फुलोऱ्यावर नराचा पराग हाताने टाकतात.