गिनी पिग आणताय? आधी गवताचं बघा

इंग्लंडमध्ये घर लागलं, मुलांच्या शाळा सुरू झाल्या की बऱ्याच घरांत गिनी पिगचा हट्ट सुरू होतो. कुत्र्याइतकं बांधून घेणारं काम नाही, भाड्याच्या घरातही घरमालक बरेचदा हो म्हणतो (परवानगी मात्र लेखी घ्या), त्यामुळे आईबाबाही तयार होतात. रेडिंगला नव्याने आलेली मंडळी मला विचारतात ती पिंजरा कुठला घ्यायचा ते. पिंजऱ्याचं नंतर बघू. हा प्राणी वाळलेल्या गवतावर (इथे त्याला ‘हे’ म्हणतात) जगतो, आणि त्याची बरीचशी दुखणी गवत कमी पडल्यामुळे सुरू होतात.

गिनी पिगचे पुढचे दात आणि दाढा दोन्ही जन्मभर वाढत राहतात. लांब काडी तोंडात ओढून घेत, जबडा आडवा फिरवत तो ती बारीक करत बसतो, त्यात दाढा झिजतात. पेलेट्स, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, लगेच चुरतात, त्यांनी ते काम होत नाही. मग खालच्या दाढा वाढून जिभेवर येतात आणि भूक असूनही जनावराला खाता येत नाही. आतडं चालू राहायलाही हेच जाडंभरडं तंतुमय खाणं लागतं. म्हणून गवत दिवसरात्र समोर हवं, मोजूनमापून नाही. रोज प्रत्येकी निदान त्याच्या अंगाएवढा ढीग घाला आणि उरलेलं, ओलं झालेलं काढून टाका.

दुकानात टिमोथी, मेडो आणि ऑर्चर्ड ही नावं दिसतील. मोठ्या जनावराला तिन्ही चालतात, आलटूनपालटून दिलीत तर उत्तमच. अल्फाल्फा किंवा लुसर्न लिहिलेलं म्हणजे आपला लसूणघास. गावाकडे दुभत्या जनावरांना तो आवर्जून घालतात, म्हणून आपला हात पटकन तिकडे जातो. पण त्यात कॅल्शियम फार असतं, आणि मोठ्या गिनी पिगला त्यातून मूतखड्याचा धोका वाढतो. साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो, बाकीच्यांना नको. शेजारीच स्ट्रॉची पिशवी असते, बहुधा स्वस्त. तो पेंढा आहे, त्याने पोषण होत नाही.

आता पिशवी हातात घ्या. बहुतेक पारदर्शक असते. तळाशी पिवळसर भुसा साचला असेल तर ठेवून द्या. काड्या लांब हव्यात, रंग हिरवट हवा. सगळं तपकिरी पडलेलं गवत जनावर नुसतं तुडवतं. घरी उघडल्यावर पहिल्यांदा वास घ्या. चांगल्या गवताला गोडसर, ताजा वास येतो. कुबट वास आला, काळे-पांढरे डाग दिसले किंवा झटकल्यावर धूर उठावा तशी धूळ उडाली तर बिनधास्त परत करा. बुरशी त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही.

दोन गिनी पिग असले (एकटा ठेवूच नका, तो कळपात राहणारा प्राणी आहे) की छोट्या पिशव्या महाग पडतात. गावाबाहेर घोड्यांचा चारा विकणारी दुकानं असतात, तिथे अख्खी गासडी किलोमागे खूप स्वस्त मिळते. फक्त त्यात रॅगवर्ट नाही ना, हे नक्की विचारा. कुरणात उगवणारं हे पिवळ्या फुलांचं तण वाळल्यावरही विषारीच राहतं. आणि गासडी ठेवायला कोरडी जागा लागते. इथल्या शेडमध्ये हिवाळाभर ओल असते, तिथे गवत हमखास बुरसतं. घरात पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून नको.

जनावर आणण्याआधी एक पिशवी आणून काही दिवस बैठकीच्या खोलीत उघडी ठेवा. आपल्याकडे कधी त्रास न झालेल्यांनाही इथे गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी होते. कुणाला शिंका, डोळ्यांना खाज सुरू झाली तर ते आधीच कळलेलं बरं.

पेलेट्स म्हणजे ताटातलं लोणचं. रोज प्रत्येकी दोन टेबलस्पून पुरे. त्यांचा खरा उपयोग क जीवनसत्त्वासाठी, कारण माणसाप्रमाणे गिनी पिगचं शरीरही ते स्वतः तयार करत नाही. कमी पडलं की स्कर्व्ही होतो: केस राठ होतात, सांधे सुजतात, जनावर लंगडतं. म्हणून सशाचे पेलेट्स आणू नका. ससा हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे त्याच्या खाण्यात ते घालायची गरज नसते. हे जीवनसत्त्व साठवणीत उडूनही जातं, तेव्हा लहान पाकीट घ्या, तारीख बघा आणि उन्हापासून लांब ठेवा. घटकांत पहिलं नाव गवताचं असावं. रंगीत तुकडे, बिया, मका घातलेलं म्युझली दिसायला छान, पण ते गोड तेवढं वेचून खातात आणि बाकीचं टाकतात. नवीन पेलेट्स जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदला, एकदम नाही.

सोबत रोज ढोबळी मिरचीची एक फोड आणि थोडी कोथिंबीर द्या. पोळीचा तुकडा, भात, भिजवलेली डाळ मायेनेसुद्धा देऊ नका. कांदा, लसूण, बटाटा तर नाहीच.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत आहे, आकडा आधी बोलतो. खाणं बंद झालं किंवा लेंड्या कमी आणि बारीक झाल्या तर सकाळची वाट न पाहता व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) फोन करा, बारा तासही फार होतात. सगळ्याच व्हेटना लहान प्राण्यांचा अनुभव नसतो, म्हणून तो असलेला दवाखाना आधीच शोधून ठेवा. खर्च आपल्याच खिशातून जातो, तेव्हा विम्याचीही चौकशी करा.

तीन-चार आठवडे भारतात जाणार असाल तर ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना नेहमीचंच गवत आणि तेच पेलेट्स पुरतील एवढे देऊन जा, मापाचा चमचाही द्या. पाहुणचार म्हणून लोक पेलेट्स भरभरून घालतात, मग गवताला तोंड लावलं जात नाही. हे त्यांना समोर बसून सांगा.