चैत्राचं ऊन आणि गच्चीवरच्या कुंड्या: या चुका टाळा

मार्च संपता संपता भरदुपारी तुळस, पुदिना माना टाकतात आणि आपण पाण्याचा मग घेऊन धावतो. कुंडीतली कितीतरी रोपं याच घाईनं जातात. कडक उन्हात पानांतून पाणी ज्या वेगानं उडतं, त्या वेगानं मुळांना ते ओढता येत नाही, म्हणून पानं लोंबतात. ऊन कललं की बहुतेक पुन्हा ताठ होतात. संध्याकाळीही तशीच राहिली, तर दोन पेरं बोट मातीत घालून बघा. आत ओल असेल तर पाणी मुळीच देऊ नका. मुळं कुजू लागली असतील. कुंडीखालची बशी रिकामी करा, तळाचं भोक बुजलंय का बघा. माती कोरडी लागली तर मात्र तळातून निथळेपर्यंत पाणी द्या, शक्यतो सकाळी. रोजचा वरवरचा शिपका खालच्या मुळांपर्यंत पोचतच नाही. गच्चीवरच्या पाइपातलं पहिलं तापलेलं पाणी आधी बादलीत काढून घ्या.

कोथिंबिरीचं दुखणं वेगळं. पारा तिशीच्या वर राहू लागला की ती फुलोऱ्यावर येते, आणि खत घालून ते थांबत नाही. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि दुपारी सावली असेल तिथे पेरा. दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरत राहा, कोवळी असतानाच काढा.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला अनेकांचा हात धजत नाही. पण बी धरू लागलं की नवी पानं कमी होतात. मंजिरी आपण देवाला वाहतोच, मग ती कोवळी असतानाच खुडावी. पानांवर फिकट बारीक ठिपके आणि खाली जाळी दिसली, तर तो लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा, दोन-तीन दिवसांआड. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरभर पाण्यात 5 मिली, साबणाचे चार थेंब घालून, तेही ऊन उतरल्यावर. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही हललं, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. हातानं वेचली तरी पुरे, औषध नको. ती पानं आपल्याच फोडणीत पडणार आहेत.

कुंड्या तापलेल्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा, मातीवर वाळका पाला पसरा, वर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. कुंडी बदलणं आणि गवती चहाचे ठोंब फोडणं पहिल्या पावसावर टाका.