गधेगळावरचा लेख कसा वाचावा

ठाणे जिल्ह्यात शिलाहार या जुन्या राजघराण्याचे शिलालेख अजून शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात उभे दिसतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला शाप म्हणून गाढव कोरलेलं. अशा दगडाला गधेगळ म्हणतात.

आधी गावकऱ्यांना विचारा. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. दगड नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पुसा. शेंदूर खरवडू नका.

अक्षरांत खडू किंवा पीठ भरायचा सल्ला सर्रास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. खडूची रेघ ओढलीत की तुमच्या मनातलं अक्षर दगडावर चढतं आणि पुढचा माणूस तेच वाचतो. त्याऐवजी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडा. डावी-उजवीकडून टाकलात की उभ्या रेघा उठतात, वरून टाकलात की आडव्या. चारही बाजूंनी उजेड टाकून काढलेले फोटो हवेतच.

खरी कसोटी पुढे आहे: पडिमात्रा. मी इथेच सगळ्यात जास्त अडलो. आपण एकाराची मात्रा डोक्यावर देतो. त्या काळी पुष्कळदा ती अक्षराच्या आधी उभी रेघ म्हणून येई. त्यामुळे 'राजदेव' कोरलेलं असतं आणि आपल्याला दिसतं 'राजादव'. ओकारात अक्षराच्या आधी एक रेघ आणि नंतर काना. शब्दांत जागा सोडलेली नसते, म्हणून प्रत्येक उभ्या रेघेला विचारायचं: तू मागच्याचा काना की पुढच्याची मात्रा? दोन रेघा लागोपाठ आल्या तर दुसरी बहुधा पुढच्या अक्षराची. एकच असेल तर दोन्ही वाचनं लिहून ठेवा आणि अर्थ लागेल ते घ्या. घाईने एक खोडलंत तर पुढची अख्खी ओळ भरकटते. व आणि ब यांना अनेकदा एकच चिन्ह असतं, तेही ध्यानात असू द्या.

सुरुवात ओळखीच्या शब्दांपासून करा: 'स्वस्ति', 'शक', 'संवत्सर', 'महामंडलेश्वर' (राजाची पदवी). त्यांवरून त्या कोरक्याचं वळण कळतं. मग अवघड ओळींकडे वळा.

इसवी सन काढायला शकात 78 मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर 79. भिवंडीजवळ लोनाडच्या चौधरपाड्यातला शिलाहार राजा केशिदेवाचा लेख शक 1161 चा आहे. वर्षाशेजारी संवत्सराचं नाव असेल तर ताडून पाहा: 1161 ला 'विकारी' हे संवत्सर येतं. जुळलं नाही, तर आकडा पुन्हा वाचा.