ट्रकच्या सुट्या भागांच्या व्यवसायात ग्राहकसेवेच्या नोकरीसाठी अर्ज कसा करावा

या व्यवसायात ग्राहकसेवा म्हणजे समोरच्याला नेमका कोणता भाग हवा आहे, हे त्याच्या बोलण्यातून अचूक ओळखणे. गोड बोलणे त्यानंतर येते. फोन करणारा बहुधा गॅरेजमधला मिस्त्री, गाडीमालक किंवा महामार्गाच्या कडेला खोळंबलेला चालक असतो, आणि गाडी उभी असेपर्यंत भाडे बुडत राहते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ही निकड तुम्हाला कळली आहे, हे अर्जातून दिसले पाहिजे.

त्यासाठी अर्ज लिहिण्यापूर्वी एक-दोन दिवस निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, किंवा तुमच्या शहरात अशी जी जागा असेल तिथे, एखाद्या दुकानाच्या काउंटरपाशी परवानगी घेऊन उभे राहावे. ‘हायवाचे पाटे (म्हणजे लीफ स्प्रिंग) आहेत का?’ असा प्रश्न तिथे हमखास ऐकू येतो. हायवा हे मुळात टिपरचा हौदा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचे नाव. खालची गाडी टाटाची, अशोक लेलँडची किंवा भारतबेंझचीही असू शकते, आणि पाटे त्या गाडीप्रमाणे बदलतात. म्हणून जाणकार माणूस आधी कंपनी व मॉडेल विचारतो, पाटे पुढचे की मागचे हे विचारतो, आणि शेवटी चॅसी नंबर मागतो. हा नंबर १७ अक्षरी असतो व त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत; त्यामुळे कोणी ‘ओ’ सांगितला तर तो शून्य समजावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धूर-प्रदूषणाचे निकष लागू झाल्यामुळे एकाच नावाच्या जुन्या व नव्या गाडीचे इंजेक्टर किंवा सायलेन्सरकडचे भाग वेगळे असू शकतात, म्हणून गाडीचे उत्पादन केव्हाचे आहे हेही पाहावे लागते. एवढी माहिती असलेला नवखा उमेदवारसुद्धा चटकन नजरेत भरतो.

जाहिरातीत हे पद ‘कस्टमर सपोर्ट’, ‘पार्ट्स एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘काउंटर सेल्स’ अशा निरनिराळ्या नावांनी येते. कंपन्यांची संकेतस्थळे व शासनाचे महास्वयम पोर्टल पाहावेच; पण चाकण-भोसरीकडच्या वितरकांकडे स्वतः जाऊन चौकशी करणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण लहान व्यापारी अनेकदा जाहिरात न देताच माणूस घेतात.

अर्जाच्या पत्रात ‘मी मेहनती आहे’ असे लिहून काही साधत नाही. त्याऐवजी, ‘दोन वर्षे वाहतूकदाराच्या कार्यालयात बिल्टी (मालवाहतुकीची पावती) करणे आणि चालकांचे फोन घेणे ही कामे केली, एक्सेल व टॅली येते, हिंदीत सहज बोलतो’ असे, जे खरे असेल तेच, नेमकेपणाने लिहावे. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रम केला असल्यास तो सर्वांत वर द्यावा. न केलेले काम मात्र लिहू नये, कारण क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट यांतला फरक विचारताच ते उघडे पडते.

मुलाखतीत ‘ग्राहकाला चुकीचा भाग गेला, तर काय कराल?’ हा प्रश्न धरूनच चालावे. आधी माफी मागावी, जुन्या भागाचा फोटो मागवून त्यावरचा पार्ट नंबर बिलाशी ताडावा, योग्य भाग त्याच दिवशी रवाना करून बिल्टी नंबर कळवावा आणि चूक कोणाची याचा शोध नंतर घ्यावा, या क्रमाने उत्तर द्यावे. आपणही विचारावे: विकलेला इलेक्ट्रिकल भाग परत घेतला जातो का, आणि रात्रीचे फोन कोण घेते? पहिल्या प्रश्नावरून रोजचे वाद किती होतील याचा अंदाज येतो, तर दुसऱ्यावरून तुमची झोप ठरते. नेमणुकीपूर्वी कोणी अनामत किंवा प्रशिक्षण शुल्क मागितल्यास पैसे न देता तिथून उठावे.