स्कॉच की बर्बन? तुलना करताना या चुका टाळा

बारा वर्षांची स्कॉच (स्कॉटलंडची व्हिस्की) आणि सहा वर्षांची बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) समोर आली की स्कॉचचं पारडं आपोआप जड होतं. वय दुप्पट, म्हणजे दुप्पट मुरलेली, असा सरळ हिशोब. तुलना बिघडते ती इथूनच.

बर्बन नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या पिंपात मुरते. तसा अमेरिकेचा कायदाच आहे. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते, आणि त्यातली पुष्कळशी पिंपं बर्बनचीच उतरलेली असतात. नवं लाकूड व्हॅनिला, कॅरॅमल, मसालेदारपणा भराभर सोडतं. शिवाय बर्बन जिथे मुख्यतः बनते त्या केंटकीचा उन्हाळा कडक, आणि गोदामाच्या वरच्या मजल्यांवर तर भट्टीच. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात वर्षाला साधारण दोन टक्के मद्य हवेत जातं; केंटकीत त्याहून जास्त. तिथे पाणी लवकर उडत असल्याने पिंपातल्या मद्याची तीव्रता (अल्कोहोलचं प्रमाण) वाढूही शकते, स्कॉटलंडमध्ये ती सहसा उतरते. म्हणून सहा-आठ वर्षांची बर्बन चांगली तयार झालेली असते. वीस वर्षांची बर्बन अनेकदा लाकडाचा कडवटपणा घेऊन येते. वीस वर्षांची स्कॉच मात्र नुकती रंगात आलेली असू शकते. केवळ आकडा मोठा आहे म्हणून जुन्या बर्बनला जास्त पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

लेबलवर वय नसलं तरी ते थोडंफार ओळखता येतं. कोणतीही स्कॉच किमान तीन वर्षं मुरलेली असते. लेबलवर ‘स्ट्रेट’ लिहिलेली बर्बन किमान दोन वर्षांची. पण चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापावं लागतं. म्हणजे वय न छापलेली स्ट्रेट बर्बन चार वर्षांची तरी असतेच. वय छापलेलं असलं तर ते बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं, सरासरी नव्हे.

दुसरी चूक तीव्रतेची. ४० टक्क्यांची ब्लेंडेड (अनेक व्हिस्क्या मिसळून केलेली) स्कॉच आणि ५० टक्क्यांची बर्बन शेजारी ठेवली की बर्बन ‘भरदार’ आणि स्कॉच ‘पाणचट’ वाटणारच. आधी दोन्ही एका पातळीवर आणा: ५० टक्क्यांच्या ३० मिलीत साडेसात मिली पाणी घातलं की ती ४० टक्क्यांच्या आसपास येते. पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान, हा समज सोडून द्या. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं, की मद्य सौम्य केल्यावर धुरकट वासाचं ग्वायाकॉल पृष्ठभागाकडे सरकतं, म्हणजे नाकाजवळ येतं. अमेरिकन ‘प्रूफ’ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, हेही ध्यानात ठेवा. जुन्या ब्रिटिश बाटल्यांचं गणित वेगळं होतं. तिथलं ७० प्रूफ म्हणजे आपलं साधं ४० टक्के.

आणि कृपा करून लाफ्रोएगसारख्या धुरकट स्कॉचने सुरुवात करू नका. पीटचा (जव वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा) धूर जिभेवर बसला की त्यामागून आलेली मेकर्स मार्कसारखी बर्बन नुसता पाक वाटते. धुरकट बाटली शेवटी. एकदा लागाव्हुलिनसारखी धुरकट स्कॉच चाखून ‘स्कॉच आपल्याला जमत नाही’ म्हणणारेही भेटतात. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या बहुतेक व्हिस्क्यांत धूर नसतो किंवा अगदी पुसट असतो. धुरकट व्हिस्कीसाठी ओळखल्या जाणाऱ्या आयला बेटावरसुद्धा बुनाहाव्हनची नेहमीची १२ वर्षांची बाटली पीटविनाच असते.

उलट बाजूने ‘बर्बन सगळ्या सारख्याच गोड’ हे विधानही तितकंच उथळ आहे. निदान ५१ टक्के मका हवा, एवढी अट. उरलेल्या धान्यात खरी गंमत असते. मेकर्स मार्कमध्ये गहू, म्हणून ती मऊ. राय (गव्हासारखं एक धान्य) जास्त असली की मिरीसारखा चटका येतो. फोर रोझेस ही बर्बनची डिस्टिलरी दोन धान्यमिश्रणं आणि पाच यीस्ट वापरून दहा वेगवेगळ्या व्हिस्क्या बनवते. तुलनेसाठी जोडी निवडायची तर बर्बनसमोर शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपातली गडद स्कॉच ठेवू नका. ग्लेनमोरांजी ओरिजिनलसारखी, बर्बनच्याच पिंपात मुरलेली ठेवा. मग जव आणि मका यांतला फरक नीट कळतो.

रंगावरून निकाल देणं तर सोडाच. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे, बर्बनमध्ये नाही.

आता पैशांचं. बाटलीच्या किमती थेट ताडून पाहणं फसवं, कारण एक ७०० मिलीची असते, दुसरी ७५० ची. ७०० मिली, ४६ टक्के म्हणजे ३२२ मिली शुद्ध अल्कोहोल. ७५० मिली, ५० टक्के म्हणजे ३७५. किंमत त्याने भागून पाहा, मग चवीबद्दल बोला. ‘बॉटल्ड-इन-बॉन्ड’ हे शब्द दिसले तर थांबून बघावं: १८९७ च्या अमेरिकन कायद्यानुसार ती एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं मुरलेली आणि नेमकी ५० टक्क्यांची असते. कमी खर्चात बर्बन स्कॉचला मागे टाकते ती बहुधा इथेच. दुर्मिळ म्हणून गाजणाऱ्या पॅपी व्हॅन विंकल या बर्बनची किंमत मात्र मुख्यतः टंचाईची असते, चव कितीही चांगली असो.

काही ‘बिघाड’ हे बिघाड नसतातच. बर्फ टाकल्यावर व्हिस्की गढूळ झाली तर ती बहुधा थंड करून गाळलेली नाही, एवढंच. ४६ टक्के किंवा त्यावरच्या बाटल्यांत हे दिसतं. बर्बनच्या तळाशी काळे कण दिसले तर तो पिंपातला कोळसा. खरी अडचण अर्ध्या रिकाम्या बाटलीची. आत हवा शिरते, महिनोन्‌महिने पडून राहिली की वास मंदावतो, म्हणून तळाला आलेली बाटली आणि ताजी उघडलेली यांची तुलना करू नये. उरलेली छोट्या बाटलीत ओतून ठेवली की बरीच टिकते. बाटली नेहमी उभी ठेवा. आडवी ठेवली तर तीव्र मद्याने बूच भुसभुशीत होतं. उघडताना तुटलंच, तर तुकडे कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्या आणि दुसरं स्वच्छ बूच लावा.