पोरगं वाचतंय की पाठ म्हणतंय?

पहिली-दुसरीच्या पोरांना पुस्तकातलं पान वाचायला देऊ नका, ते कधीच तोंडपाठ झालेलं असतं, माझ्या वर्गात एक जण पुस्तक उलटं धरून धडाधड वाचत होता! त्यापेक्षा कागदावर पाच-सहा शब्द लिहा, त्यात 'टमूक', 'बिसोरा' असले बिनअर्थाचे दोन टाका म्हणजे अंदाजपंचे चालत नाही. चुकलं तर लगेच सांगू नका, तसंच्या तसं वहीत टिपा. 'मोर'चं 'मेर' झालं तर काना निसटतोय, 'घर'चं 'धर' झालं तर घ-ध ची गल्लत. 'असर' (गावोगावी पोरांचं वाचन-गणित तपासणारा सर्व्हे) ची पद्धत पण सोपीये, आधी पहिलीच्या लेव्हलचा उतारा द्यायचा, जमला तर गोष्ट, नाही जमला तर खाली शब्द, मग अक्षरं. आणि हो, एकेकाला बाजूला घेऊनच करा, नाहीतर बाकीचे मागून उत्तर सांगतात.