कुडल ते टाकळी: भीमेकाठी चालायचं तर ओढे वरून ओलांडा

भीमेच्या काठानं चालण्याबद्दल सगळ्यात वाईट सल्ला कुठला असेल, तर ‘नदी सोडू नका, वाट आपोआप सापडते’ हा. हा सल्ला देणारा माणूस पुलावर गाडी थांबवून फोटो काढून गेलेला असतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा ही महाराष्ट्र आणि कर्नाटकाची हद्द आहे. अलीकडं आपली गावं, पलीकडं विजापूर जिल्हा. इथं आखलेला ट्रेक नाही, पाट्या नाहीत, बाण नाहीत. गाडीवाटा आहेत, बांध आहेत आणि नदीवरच्या पाण्याच्या मोटारीकडं जाणाऱ्या पाऊलवाटा आहेत. त्या पुरतात. फक्त नदी कधी सोडायची हे कळायला हवं.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि पावसाळ्यात या काळ्या रानात पाऊल उचलत नाही. ऑक्टोबरमध्ये ‘पाऊस संपला’ म्हणून निघणाऱ्यांनी २०२० चा ऑक्टोबर आठवावा. भीमेला महापूर आला होता तो त्याच महिन्यात.

कुठून सुरुवात

बहुतेकजण टाकळीला उतरून कुडलकडं चालतात. मी उलट सांगेन. हत्तरसंग कुडलहून निघा आणि टाकळीला संपवा. एक म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर राहतं. दुसरं, दमल्यावर तुम्ही सोलापूर-विजापूर महामार्गावर असता, तिथं गाड्यांना तोटा नाही. कुडलला संध्याकाळी पोहोचून वडापची, म्हणजे सीटवर चालणाऱ्या जीपची, वाट बघत बसणं हा नुसता वेळेचा नास आहे. सकाळी कुडलपर्यंत स्वतःच्या गाडीनं सोडायला कुणी असेल तर उत्तम, नाहीतर रिक्षा ठरवा. रमतगमत गेलात तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.

जाताना वडकबाळच्या पुलावर सीना लागते. तिथं दोन मिनिटं थांबून पाणी बघा. गढूळ आणि फुगलेलं दिसलं तर त्या दिवशी मंदिर बघून परत या. सप्टेंबर २०२५ च्या पुरात याच सीनेनं काठावरच्या गावांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

कुडल

सीना आणि भीमा इथं मिळतात. निघण्याआधी मंदिरांना तासभर द्या. संगमेश्वराच्या मंदिरातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्यामुळं तो लोकांसमोर आला. शेजारी हरिहरेश्वराचं मंदिर आहे. तिथं उत्खननात सापडलेल्या बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मोजत बसू नका, ऊन चढतं.

संगमावरून वर

पाठ संगमाकडं करून भीमेच्या वरच्या अंगाला निघा. नदी डाव्या हाताला, शेतं उजव्या हाताला. दिशा एवढीच लक्षात ठेवायची.

काठाच्या माथ्यावरून चाला, पाण्याच्या कडेनं नको. ऊस अगदी दरडीपर्यंत लावलेला असतो. उसात घुसायचं नाही. पाला हात कापतो, आत रानडुक्कर असू शकतं आणि मालकाला तुम्ही चोर वाटता. बांधावरून जा, माणूस दिसला की आपण होऊन हाक मारा. वाटेतलं गाव बरूर. ‘मामा, बरूरकडं वाट हीच का?’ एवढं विचारलं की निम्मी शंका फिटते. या पट्ट्यात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात. समोरचा ‘केसर अद’ म्हणाला तर पुढं चिखल आहे असं समजा आणि त्याच्याशी वाद घालू नका.

ओढा

आता खरी गोष्ट. या वाटेवर दमछाक चालण्यानं होत नाही, ओढे नदीला मिळतात त्या तोंडाशी होते. सुरुवातीला मलाही या टप्प्यानं फार छळलं. तोंडाशी ओढा अरुंद दिसतो, दहा पावलांत पार होईल असा, आणि वरून फिरून जायला अर्धा तास मोडणार असतो. म्हणून माणूस सरळ जातो आणि मांडीपर्यंत आत बसतो.

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे मोह होणार नाही. भीमेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यामुळं औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांची नावं तुम्ही पेपरात वाचली असतील. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं आणि फुगवटा ओढ्यांच्या तोंडात शिरतो. तिथं पाणी हलत नाही, म्हणून शेतातून वाहून आलेली बारीक काळी माती तळाशी बसते. पुढं मोटारी पाणी उपसतात, पातळी उतरते आणि तो गाळ उघडा पडतो. वरचा थर दोन-चार दिवसांच्या उन्हात वाळतो, भेगा पडतात आणि जमीन पक्की दिसते. दुधावरच्या सायीसारखा तो थर असतो. खाली सगळं ओलं.

भेगा पडल्यात म्हणजे वाळलंय, हा दुसरा वाईट सल्ला. भेगा वरच्या थराचं सांगतात, खालचं काही सांगत नाहीत. शेळ्यांची पावलं दिसली म्हणूनही जाऊ नका, शेळीचं वजन ते किती? म्हशीची खूण बघा. म्हैस गेली असेल आणि खुरांचा ठसा उथळ असेल तर जमीन धरते. ठशात पाणी साचलेलं असेल किंवा म्हशीनंच वळसा घेतलेला दिसला, तर तुम्हीही घ्या. हातात काठी हवीच. काठी वीतभराहून जास्त सहज आत गेली की विषय संपला.

माझा स्वतःचा नियम मात्र याहूनही कडक आहे: ओढ्याचं तोंड कधीही ओलांडायचं नाही, कितीही कोरडं दिसू दे. काठाची जमीन उतरायला लागली आणि समोर वेड्या बाभळींची आडवी रांग दिसली की ओढा आला. तिथूनच उजवीकडं वळा आणि ओढ्याच्या कडेनं वर चालत राहा. गाडीवाट कुठं ना कुठं ओढ्याला छेदते, कारण शेतकऱ्याला ट्रॅक्टर न्यायचा असतो. तिथं फरशी, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पक्का रस्ता, असते किंवा नळ्या टाकून केलेला छोटा पूल. त्यावरून पलीकडं जा आणि परत नदीकडं उतरा. ट्रॅक्टरच्या चाकोरीइतकी भरवशाची खूण या काठावर दुसरी नाही. पाण्यात उतरणारी पीव्हीसी पाइप मात्र वाट दाखवत नाही. ती नदीकडं जाते, गावाकडं नाही.

तरीही कुणी फसलंच, तर ओढाताण करू नका. एक पाय जोरात उपसला की दुसरा खोल जातो. पिशवी बाजूला टाका, मागं बसा, अंग पसरा आणि पाय हळूहळू हलवत मोकळा करा. बूट आत राहिला तर राहू द्या. सोबतच्यांनी जवळ धावत यायचं नाही, काठी किंवा ओढणी टाकायची. एकट्यानं या वाटेला जाऊच नये, ते यासाठी.

पात्रात उतरायचं नाही

कडेला घोट्याएवढं पाणी आणि पुढं पांढरी वाळू बघून पोरांना पोहायची हुक्की येते. वाळू उपशानं तळात खड्डे पडलेले आहेत आणि ते वरून दिसत नाहीत. पोहता येणारेही यात गेले आहेत. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर त्यावरून पलीकडं जाण्याची हौस नको, बाकीचे मोटारसायकल घालत असले तरी.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: ‘वर पाणी सोडलंय का?’ उजनीतून नदीत सोडलेलं पाणी इथं पोहोचायला आठवडाभर आणि कधी जास्तही लागतं, त्यामुळं धरणाची बातमी आज वाचली आणि नदी आज शांत दिसली तर त्याला अर्थ नाही. काठावरच्या शेतकऱ्यांना मात्र बरोबर ठाऊक असतं, कारण पाणी सोडलं की नदीकाठच्या शेतीपंपांची वीज तोडतात. दिवसा एकही मोटार चालू नसेल तर त्याचं कारण विचारा.

बरूर ते टाकळी

सोपं. बरूरला पाणी भरून घ्या, सावली बघून शेंगाचटणी आणि कडक भाकरी उघडा. पुढं वाहनांचा आवाज येऊ लागला की महामार्ग जवळ आला. पुलापलीकडं धूळखेड, म्हणजे कर्नाटक. फोनचं नेटवर्क त्याच्या आधीच हद्द ओलांडून गेलेलं असतं, नकाशावर विसंबू नका.

टाकळीला सोलापूरकडं जाणारी साधी गाडी पकडा, जलद गाड्या हात केल्यावर थांबतीलच असं नाही. विजापूरहून येणाऱ्या गाड्या भरून येतात, तेव्हा बसायला जागा मिळेल ही आशा सोडून चढा. बुटांची काळी माती तिथं नळाखाली धुऊ नका. ओली असताना ती आणखी चिकटते आणि कंडक्टर चढू देताना कुरकुरतो. उन्हात वाळू द्या, दोन बूट एकमेकांवर आपटा, ढेकळं आपोआप गळतात.